उजवं शिंग बाभळीचं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यात एक जुनी कबुली द्यायची आहे.

तान्हा पोळा तुम्हांला सांगायला नको. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. सिंदी रेल्वेचे मोठाले लाकडी नंदी पाहायला आपण गेलो होतो, अन् बोजाऱ्याचे पैसे परतताना चिवड्यात गेले. पण हेच नंदी डिसेंबरात आमच्या गावच्या चर्चमध्ये येत, हे तुमच्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

आमची ख्रिस्ती घरं सातआठ. नाताळच्या गोठ्यात मरिया, योसेफ, बाळ येशू होते, बैल नव्हता. मग ज्या पोराकडे चांगला नंदी, त्याच्याकडून तो मागून आणायचा. चांदणीसाठी बांबूच्या कामट्या बुरडाकडून; आकाशकंदिलाच्या उरलेल्या तो तशाच देई. झावळ्यांच्या रविवारी शिंदीची पानं आणून द्यायची ती फडे बांधणारी आजी. ती प्रार्थनेला कधी बसली नाही, पण पानं कोवळी नसली तर स्वतःच परत न्यायची.

सहावीत मी एका वर्गमित्राचा नंदी आणला. त्याच्या आजोबांनी सागवानाचा घडवलेला. नाताळच्या आदल्या रात्री माझ्या हातून तो पडला आणि उजवं शिंग मोडलं. रडत सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी कंदिलाच्या उजेडात बाभळीचं शिंग बसवलं, रंग दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "देवाच्या कामात मोडला नं, मंग पैसे कायचे घेऊ तुह्याजवळून?"

जानेवारीत मी नंदी परत केला, गुपचूप. आजोबांनी शिंग चाचपलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेले. वर्षभर मी त्या गल्लीतून गेलो नाही. पुढच्या डिसेंबरात कुणी मागायच्या आत नंदी चर्चच्या पायरीवर हजर! आजोबांनीच पाठवला होता.

हस्तकलेच्या बाईंनी आपल्याला वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नेलं होतं, १९३८ मध्ये गांधीजींनी उघडलेल्या. तिथं कळलं, ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. सुतार-बुरडांच्या धंद्यासाठी झटणारा माणूस आपल्यातला, म्हणून मी उगाच ताठ चाललो होतो. बाई हसल्या होत्या.

मागच्या नाताळला गावी गेलो. चांदणी प्लास्टिकची, आत रंग बदलणारे दिवे. दिसते छान, खोटं कशाला बोलू? बैलही बाजारचा, प्लास्टरचा. पण गोठा पाहायला आमचीच सातआठ घरं होती. पूर्वी बुरडाची पोरं आपली कामटी कुठं लागली ते दाखवायला मायला ओढून आणत.

तर तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, आजोबांचा नंदी तुझ्याकडे अजून आहे, हे वहिनींनी मघाशी सांगितलं. त्याचं उजवं शिंग डाव्यापेक्षा जड का, ते आता तुला कळलं. येत्या डिसेंबरात तो पुन्हा देशील का? या वेळी न्यायला दोघं येऊ.