आवाज बसलेल्या पेट्या

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या साठीच्या सोहळ्यात जुन्या स्पीकरच्या दुरुस्तीवर व्याख्यान व्हावे, हे कोणास थोडे अनपेक्षित वाटेल. परंतु ज्या पिढीने या शाळेत प्रथम पाटी हाती धरली, तिच्या बंगळूरूतील घराघरांत आवाजाची एक जागा ठरलेली असे. दिवाणखान्यातील कपाटाच्या दोन अंगांना दोन लाकडी पेट्या असत. सणाच्या पहाटे त्यांतून गदग परिसरात जन्मलेल्या आणि पुण्यात स्थिरावलेल्या भीमसेन जोशींचे अभंग निघत. घर मराठी, शेजार कन्नड आणि स्वर दोघांचाही, असा तो योग असे. आज त्यांतल्या कित्येक पेट्या माळ्यावर किंवा पलंगाखाली पडून आहेत. त्यांचा आवाज बसला आहे. घर बदलताना एक प्रश्न हमखास पुढे येतो: या गुजरीवाल्याला द्याव्यात, की दुरुस्त कराव्यात?

दुसरीकडे याच पेट्या नव्या पिढीच्या हातीही येत आहेत. चिकपेठ आणि बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या परिसरात रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तरुण मुले त्या घासाघीस करून विकत घेतात आणि घरी आणल्यावर एक बाजू मुकी निघाली म्हणून खट्टू होतात. विकणाऱ्या वडिलांना आणि विकत घेणाऱ्या मुलाला एकच गोष्ट ठाऊक असावी लागते. स्पीकर क्वचितच पूर्णपणे मरतो. बहुधा त्याचा एखादा स्वस्त भाग निकामी झालेला असतो. तो कोणता, हे शोधण्याची रीत सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगी आहे.

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहावे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये स्पीकरची जी रचना मांडली, तीच मूलतः आजही चालते. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे अधांतरी असते. त्यातून गाण्याच्या लहरींचा वीजप्रवाह गेला की ते पुढे-मागे हलते आणि त्याला जोडलेला कागदी शंकू हवा ढकलतो. शंकूची बाहेरची कड फोम, रबर किंवा कापडाची असते. आतून स्पायडर नावाची नालीदार चकती वेटोळ्याला मध्यावर धरून ठेवते. मोठा स्पीकर म्हणजे वूफर खर्ज सांभाळतो आणि छोटा ट्वीटर तीव्र स्वर सांभाळतो. कोणते स्वर कोणाकडे जावेत याची वाटणी क्रॉसओव्हर नावाची छोटी जोडणी करते. एवढाच हा संसार आहे. त्यात लपण्याजोग्या जागा थोड्या, म्हणून दोष सापडण्याची आशा मोठी.

दुरुस्तीची पहिली पायरी कानांची आहे. भाषाशिक्षणात श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन असा क्रम शिकवला जातो. येथेही श्रवणच पहिले. परीक्षेसाठी चांगल्या ध्वनिमुद्रणातील एखादा अभंग पुरेसा आहे. टाळांचा किणकिणाट मुख्यतः ट्वीटरकडून येतो, पखवाजाच्या डाव्या अंगाची गाज वूफरकडून येते आणि गायकाचा कंठ दोघांच्या सीमेवर उभा असतो. टाळ ऐकू येत नसतील तर संशय ट्वीटरवर किंवा त्याच्या वाटेवरील कपॅसिटरवर घ्यावा. पखवाज फाटल्यासारखा वाजत असेल तर वूफरची कड पाहावी. तंबोऱ्याच्या सलग नादात मध्येच खरखर उमटत असेल, तर पेटीचा एखादा सैल स्क्रू किंवा सुटलेली जाळीही त्याला कारण असू शकते.

दुसरी पायरी बुद्धीची. दोष जेथे ऐकू येतो तेथेच असतो असे नाही. डावी पेटी मुकी असली म्हणजे डावी पेटी बिघडली, हा निष्कर्ष घाईचा आहे. अॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही पेट्यांच्या तारा अॅम्प्लिफायरच्या टोकाशी परस्परांत बदलाव्यात आणि मग पुन्हा ऐकावे. आता उजवी पेटी मुकी झाली, तर पेट्या आणि त्यांच्या तारा निर्दोष आहेत. दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे. डावीच मुकी राहिली, तर दोष पेटीत किंवा तिच्या तारेत आहे. मग केवळ तार बदलून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या विद्येचा मूलमंत्र. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याचा स्पीकर कधीकधी सुरू होतो, पण तो कशाने सुरू झाला हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या बिघाडाला तो पुन्हा अनभिज्ञच राहतो.

दोष पेटीत आहे असे ठरल्यावर दोन साधी साधने लागतात: मल्टिमीटर आणि दीड व्होल्टची बॅटरी. ज्या पेटीवर ८ ओहम लिहिलेले असते, तिचे माप मल्टिमीटरवर सहाच्या आसपास येते. हा बिघाड नव्हे. लिहिलेला आकडा वाजत्या लहरींसाठी असतो आणि मल्टिमीटर सरळ प्रवाहाचा रोध मोजतो. माप अनंत दाखवले तर कोठेतरी वाट तुटली आहे. मात्र बाहेरून घेतलेले हे माप बहुधा एकट्या वूफरचे असते. ट्वीटरच्या वाटेवरचा कपॅसिटर सरळ प्रवाह अडवतो, त्यामुळे ट्वीटर जळालेला असूनही पेटी बाहेरून निरोगी दिसते. म्हणून ट्वीटरची एक तार सोडवून त्याचे माप स्वतंत्रपणे घ्यावे.

बॅटरी वूफरच्या टोकांना क्षणभरच टेकवावी. धन टोक धन खुणेला लागले की शंकू सामान्यतः बाहेर येतो. दोन्ही पेट्यांचे शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक बाहेर आणि दुसरा आत गेला, तर जोडणी उलटी झालेली आहे. अशा जोडीत प्रत्येक पेटी एकटी वाजवली की चांगली वाटते, पण दोन्ही एकत्र वाजल्या की खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर बसल्यासारखा न वाटता खोलीभर विखुरतो. या दोषावर एक पैसाही खर्च होत नाही. दोन तारांची अदलाबदल पुरते.

जुन्या पेट्यांचा सर्वांत नेहमीचा आजार म्हणजे कडेच्या फोमचा. वापर नसला तरी दमट हवा आणि प्राणवायू यांच्या परिणामाने हा फोम काही वर्षांत कुजतो आणि बोट लावताच चुरा होऊन पडतो. शंकू मग एका बाजूला झुकतो आणि वेटोळे चुंबकाला घासू लागते. दोन्ही हातांची बोटे शंकूवर समान अंतरावर ठेवून तो हळुवार आत दाबला असता खरखर जाणवली, तर ती या घासण्याची खूण. हे पाहून पुष्कळ लोक पेटी टाकून देतात. वास्तविक चुंबक, वेटोळे आणि शंकू शाबूत असतात. गेलेली असते ती एक फोमची कड. योग्य मापाची नवी कड मिळते, आणि सदर पत्रप्पा रस्त्याच्या बाजारात म्हणजे एस. पी. रोडला असे सुटे भाग शोधता येतात.

नवी कड बसवणे हे संयमाचे काम आहे. जुना फोम आणि डिंक पूर्ण खरवडून काढावा लागतो. मधली धूळटोपी अलगद कापून वेटोळ्याच्या आत, सभोवती समान अंतरावर, जुन्या फोटोफिल्मच्या पातळ पट्ट्या सरकवल्या की वेटोळे मध्यावर स्थिर राहते. प्रथम कड शंकूला आणि ती सुकल्यावर सांगाड्याला चिकटवावी. सावकाश सुकणारा डिंक येथे सोयीचा, कारण चूक सुधारायला अवकाश मिळतो. रात्रभर सुकू दिल्यावर पट्ट्या काढाव्यात, शंकू दाबून खरखर गेल्याची खात्री करावी आणि मगच टोपी चिकटवावी. एक सावधानता अवश्य बाळगावी. चुंबकाजवळ नेलेला लोखंडी स्क्रूड्रायव्हर हातातून निसटून शंकूला भोक पाडतो.

कड जाड किंवा कठीण निवडली, अथवा शंकूवर डिंकाचे थर चढवले, तर स्पीकर वाजतो पण त्याचा कंठ बदलतो. याचे मर्म तबलजीला सहज उमगेल. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ मध्ये येण्याच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर लिहिले होते. साध्या ढोलाच्या कातड्यातून बेसूर उपस्वर निघतात. मृदंग-तबल्याच्या कातड्यावर शाईचा भार असल्याने ते सुरेल नात्यात येतात, हे त्यांनी दाखवले. हलत्या पडद्यावरचा थोडासा भारही नाद घडवतो किंवा बिघडवतो. स्पीकरचा कागदी शंकू त्याला अपवाद नाही.

ट्वीटरची गोष्ट निराळी. त्याचे वेटोळे केसासारख्या तारेचे असते. मोठ्या अॅम्प्लिफायरने तो जाळला, असा समज घरोघरी आढळतो. पण पुष्कळदा घडते उलट. लहान ताकदीचा अॅम्प्लिफायर लग्नकार्यात पूर्ण आवाजावर लावला की लहरींचे माथे छाटले जातात, छाटलेल्या लहरींत तीव्र स्वरांचा भरणा होतो आणि तो सारा भार ट्वीटरवर पडतो. आवाज फाटू लागताच तो कमी करणे, हाच यावर उपाय. ट्वीटरचे माप योग्य असूनही टाळ मंद वाटत असतील, तर क्रॉसओव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला असावा. त्याच मूल्याचा नवा कपॅसिटर डाख देऊन बसवता येतो. तो धन-ऋण भेद नसलेल्या जातीचा हवा, आणि दोन्ही पेट्यांत एकदमच बदलावा, म्हणजे जोडीचा स्वर सारखा राहतो.

बाजारात जुनी जोडी घेताना हीच दृष्टी कामी येते. जाळी काढून कड पाहावी, तळाच्या फळ्या ओलीने फुगल्या आहेत का तपासावे, आतील स्पीकर दोन्हीकडे एकाच बनावटीचे आहेत का पाहावे. बॅटरी खिशात असावी. काही दुरुस्त्या मात्र घरी करू नयेत. अॅम्प्लिफायरच्या पोटात हात घालणे हे जाणकाराचेच काम, कारण प्लग काढल्यावरही तेथील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. आणि वूफरचे वेटोळे जळाले असेल व जोडीचा भाग कोठेच मिळत नसेल, तर निरोप घेण्यातही शहाणपण आहे. अशी पेटी ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.

दुरुस्ती हे गरिबीचे लक्षण आहे, अशी एक समजूत गेल्या काही दशकांत रुजली. मिरजेचा इतिहास तिला उत्तर देतो. तेथील शिकलगार घराण्यांतील कारागीर मूळचे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरल्यावर ते वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता वाद्य घडवू लागले, असे सांगितले जाते. त्यांच्या वारसांच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मोडलेले वाद्य उघडून पाहण्यातून एका गावाला विद्या मिळाली.

बंगळूरूतही हा विचार नव्याने उभा राहत आहे. ॲमस्टरडॅम येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या रिपेअर कॅफे या उपक्रमापासून स्फूर्ती घेऊन अंतरा मुखर्जी आणि पूर्णा सरकार यांनी २०१५ मध्ये तो या शहरात आणला. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात आणि स्वयंसेवकाच्या शेजारी बसून ती स्वतः उघडतात. केंद्र शासनानेही २०२२ मध्ये ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पण हक्क कागदावर मिळाला तरी हात शिकलेले नसतील तर तो वापरणार कोण? एकेकाळी पेठेपेठेत रेडिओ दुरुस्त करणारा असे आणि त्याच्या बाकाभोवती मुले उभी राहून पाहत. ती बाके आता थोडीच उरली आहेत. जी विद्या बाकापाशी उभे राहून मिळत असे, ती आता घराने आणि शाळेने द्यावयाची आहे.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. माळ्यावरच्या पेट्यांचा निर्णय घेण्यापूर्वी एक रविवार राखून ठेवावा. अॅम्प्लिफायर बंद ठेवून तारा बदलण्याचे काम मुलीला किंवा मुलाला सांगावे, मल्टिमीटरचा आकडा त्यांनाच वाचू द्यावा, आणि अनुमान चुकले तर लगेच उत्तर सांगू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण या शहरातील मोठमोठ्या कंपन्यांत यंत्रे घडवतात. त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेच्या प्रयोगशाळेतील बाकावर बसून मुलांसमवेत एखादी पेटी उघडली, तर या वास्तूला त्याहून वेगळी भेट नको. पेटी वाजू लागली तर आनंदच आहे. न वाजली तरी ती का वाजत नाही हे ज्या मुलाने स्वतः शोधून काढले, त्याचा तो रविवार वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.