समुद्रतळाशी विसावलेले शत्रू
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



फ्रीगंजच्या टावर चौकात उभे राहून समुद्राची गोष्ट सांगायची, हे थोडे विचित्रच वाटेल. माळव्याला समुद्र नाही. आपले पाण्याशी नाते ते क्षिप्रेचे. परंतु याच क्षिप्रेच्या काठी, सिद्धवटाच्या सावलीत, शतकानुशतके माणसे आपल्या मृतांसाठी पिंडदान करीत आली आहेत. मृतांचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव या नगरीला कोणी शिकवायला नको. आजचा विषय दुसऱ्या महायुद्धातील लघुपाणबुड्यांचा असला, तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न याच जाणिवेचा आहे. आपल्या मृतांचे ऋण आपण मानतो. शत्रूच्या मृतांचे काय?

लहान नौकांनी मोठ्या जहाजांना जेरीस आणावे, ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने कोकण किनाऱ्यावर तेच केले. विसाव्या शतकात ही कल्पना पाण्याखाली गेली. जपानने बांधलेली लघुपाणबुडी सुमारे २४ मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद होती. आत माणसे दोन, पुढे टॉर्पेडो दोन. सारी शक्ती बॅटरीची, आणि ती बॅटरी पुन्हा भरून घेण्याची सोय आत नव्हती. मोठ्या पाणबुडीच्या पाठीवर बांधून तिला शत्रूच्या बंदराजवळ न्यायचे आणि तेथे सोडायचे. परत आणण्याची योजना कागदावर असे. पण पर्ल हार्बर, मादागास्कर आणि सिडनी येथे गेलेल्या एकूण दहा लघुपाणबुड्यांपैकी एकही आपल्या मोठ्या पाणबुडीकडे परतली नाही.

पहिला प्रयोग ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर झाला. पाच लघुपाणबुड्या, दहा माणसे. त्यांपैकी नऊ जण मृत्यू पावले आणि जपानने त्यांना ‘युद्धदेवता’ म्हणून गौरविले. दोघा-दोघांच्या पाच नौका आणि देवता मात्र नऊ! दहावा काझुओ साकामाकी होता. त्याच्या पाणबुडीचे दिशादर्शक यंत्र बिघडलेले असतानाही तो निघाला, खडकांवर अडकला, त्याचा सहकारी बुडाला आणि तो स्वतः किनाऱ्यावर बेशुद्धावस्थेत सापडला. अमेरिकेच्या हाती लागलेला तो पहिला जपानी युद्धकैदी. शौर्यात तो कोठेही उणा नव्हता. तो जिवंत राहिला, एवढाच त्याचा अपराध. गौरवाच्या यादीतून त्याचे नाव गळले. युद्धानंतर त्याने टोयोटा कंपनीत नोकरी केली आणि ब्राझीलमधील तिच्या शाखेचे प्रमुखपदही सांभाळले. १९९१ मध्ये टेक्सासमधील संग्रहालयात आपली जुनी पाणबुडी पाहून या वृद्धाच्या डोळ्यांत पाणी आले. १९९९ मध्ये त्याचे निधन झाले.

पुढचे हल्ले लागोपाठ झाले. ३० मे १९४२ च्या रात्री आपल्या हिंदी महासागरात, मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरावर, दोन लघुपाणबुड्या सोडण्यात आल्या. ब्रिटिशांची ‘रॅमिलिज’ ही युद्धनौका जखमी झाली आणि एक तेलवाहू जहाज बुडाले. पाणबुडी सोडून जमिनीवर उतरलेले दोन जपानी खलाशी पायी चालत ठरलेल्या ठिकाणाकडे निघाले होते. काही दिवसांनी ब्रिटिश सैनिकांशी झालेल्या चकमकीत ते पडले.

लगेच दुसऱ्या रात्री, ३१ मे रोजी, सिडनी बंदरात तीन लघुपाणबुड्या घुसल्या. पहिली संरक्षक जाळ्यात अडकली. आतील दोघांनी स्वतःच स्फोट घडवून ती नष्ट केली. दुसरीवर पाण्यात खोलवर फुटणाऱ्या बॉम्बचा मारा झाला. त्यातील लेफ्टनंट मात्सुओ आणि त्याच्या सोबत्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तिसरीने अमेरिकेच्या ‘शिकागो’ या क्रूझरवर टॉर्पेडो सोडला. तो चुकला आणि त्याच्या स्फोटात ‘कुट्टाबुल’ ही जुनी प्रवासी फेरीबोट बुडाली. तिच्यावर त्या वेळी नौसैनिक झोपत असत. एकवीस जण मेले.

यानंतर जे घडले, ते युद्धाच्या इतिहासात सहसा घडत नाही. बंदराचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल म्युरहेड-गूल्ड यांनी वर काढलेल्या दोन पाणबुड्यांतील चारही जपान्यांवर ९ जून १९४२ रोजी संपूर्ण नाविक इतमामात अंत्यसंस्कार करविले. शवपेट्यांवर जपानी ध्वज पांघरले, बंदुकांची सलामी दिली. आपले एकवीस तरुण नुकतेच गेलेले असताना हा मान कशासाठी, असा संताप उसळला. तो खोटा होता असे म्हणता येणार नाही. अ‍ॅडमिरलनी नभोवाणीवरून उत्तर दिले. त्या पोलादी नळीत बसून निघायला जे धैर्य लागते ते कोण्या एका राष्ट्राची मिरास नव्हे, असा त्याचा आशय होता. जपानच्या ताब्यातील ऑस्ट्रेलियन कैद्यांना त्यामुळे बरी वागणूक मिळावी, ही आशाही त्यामागे होती. ती फारशी फळली नाही. त्या चौघांच्या अस्थी मात्र त्याच वर्षी जपानी राजदूताबरोबर मायदेशी पोहोचल्या.

आपल्यालाही हा विचार परका नाही. रावण पडल्यावर त्याचा अंत्यविधी करण्यास बिभीषणाला सांगणारा राम आपल्याच घरात वाचला जातो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, आणि ती महाराजांच्या आज्ञेने झाली असे परंपरा सांगते. वैर शेवटपर्यंत लढावे. पण वैऱ्याच्या देहापाशी ते थांबावे, हीच ती रीत.

सिडनीच्या या कथेला पुढे दोन प्रसंग जोडले गेले. १९६८ मध्ये लेफ्टनंट मात्सुओची वृद्ध आई ऑस्ट्रेलियात आली. वर काढलेल्या दोन पाणबुड्यांचे भाग जोडून उभी केलेली एक पाणबुडी कॅनबेराच्या युद्धस्मारकात ठेवलेली आहे. ती तिने पाहिली. मुलाच्या कमरेचा, हजार टाक्यांचा रक्ताने डागळलेला पट्टा तेथे तिच्या हाती देण्यात आला. जपानी बायका रणांगणावर जाणाऱ्यासाठी एकेक टाका घालून तो पट्टा शिवीत. छब्बीस वर्षांनी तो घरी परतला.

दुसरा प्रसंग तिसऱ्या पाणबुडीचा. बान आणि आशिबे हे दोन तरुण तिच्यासह त्याच रात्री नाहीसे झाले होते. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये काही हौशी पाणबुड्यांना ती सिडनीच्या उत्तरेस, सुमारे ५५ मीटर खोल तळाशी आढळली. सरकारने ती वर काढली नाही. ती युद्धकाळातील कबर मानून कायद्याने संरक्षित केली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवरून त्यांच्या आप्तांना त्या जागी नेण्यात आले. तेथील तळाची वाळू त्यांच्या हाती देण्यात आली. अस्थी नव्हत्या, वाळूच होती. सिद्धवटावर तीळ आणि पाणी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्या मूठभर वाळूचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मित्रहो, या तरुणांनी ज्या राज्यसत्तेसाठी प्राण दिले, तिने आशियाभर केलेले अत्याचार विसरण्याचे कारण नाही. ‘कुट्टाबुल’वरचे एकवीस जणही विसरता येत नाहीत, त्यांच्याही आया होत्या. पण इतिहास पुरता सांगायचा, तर या दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात, आणि देवतांच्या यादीतून गळलेल्या साकामाकीचे नावही पुन्हा लिहावे लागते. हे काम सरकारे नेहमी करतीलच असे नाही. ते पुस्तके करतात, आणि ती पुस्तके शंभर वर्षे जपणारे वाचक करतात. आपल्या कपाटांत जिंकलेल्यांचे ग्रंथ आहेत तसेच हरलेल्यांचेही असावेत, एवढीच या शताब्दीच्या प्रसंगी प्रार्थना.