थ्रॉटल बॉडी साफ केली, आणि आता गाडी ओरडतेय?

तुम्ही हा भाग बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल, नाहीतर बॉनेट उघडून डोक्याला हात लावून उभे असाल. दुसऱ्या प्रकारातले असाल, तर आधी इंजिन बंद करा आणि मग ऐका. कारण आजची फजिती माझी स्वतःची आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. सिग्नलला थांबली की आरपीएमचा काटा खालीवर व्हायचा, कधी बंदच पडायची. मी निदान केलं, थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलाय. निदान बरोबर होतं, पण वार चुकीचा निवडला. तो रविवार होता आणि सोमवारी सकाळी सहाला आईचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा बाबा तिला घेऊन जातात. परत येताना ती इतकी थकलेली असते की मागच्या सीटवर आडवी होऊनच घरी येते.

दुपारी ४ वाजता पार्किंगमध्ये हवेचा पाइप सोडला, बोल्ट काढले, थ्रॉटल बॉडी बाहेर काढली. आतला काळा चिकट थर क्लीनर लावलेल्या कपड्याने पुसून चकचकीत केला. सगळं परत बसवलं, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात लागलीच नाही. दुसऱ्यांदा लागली, थोडा धूर सोडला आणि काटा थेट २००० वर! एरवी गरम इंजिनला तो ७५० च्या आसपास असतो. वर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा.

मी बाबांना म्हटलं, "थोडी चालवलीत की होईल नॉर्मल." ही माझी सगळ्यात मोठी चूक. ते टायरमध्ये हवा भरायला गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. म्हणाले, "अरे, पाय काढला तरी गाडी मंदावत नाहीये. स्पीड ब्रेकरला पुढच्या स्कूटरला लागलीच असती. राहू दे, उद्या आईला रिक्षाने नेतो."

रिक्षा! परतीच्या वाटेवर आईला त्यात आडवंसुद्धा होता आलं नसतं. मी एका मेकॅनिकला फोन लावला. त्याने गाडी न बघताच सांगितलं, "थ्रॉटल बॉडी गेली, नवीन टाकायला लागेल." माझ्या पोटात गोळा आला. मग जरा शांत बसलो आणि एकच गोष्ट मनाशी म्हटली: चार वाजेपर्यंत गाडी चालत होती. त्यानंतर तिला फक्त माझा हात लागलाय. मग बिघाड शोधायचा कुठे? जिथे माझा हात लागला तिथेच.

आता गाडीत नेमकं होतं काय, ते समजून घेऊ. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनच्या हवेचा दरवाजा. आत एक गोल झडप असते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तिला केबल नसते, एक छोटी मोटर ती उघडते आणि मोटरला हुकूम देतो इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. वर्षानुवर्षं झडपेच्या कडेला कार्बन साचतो, फट अरुंद होते. इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीयू झडप जराशी जास्त उघडी ठेवायला शिकतो आणि ते लक्षात ठेवतो. आपण कार्बन काढला, पण त्याला कुठे माहीत? तो जुन्याच सवयीने झडप उघडी ठेवतो, हवा जास्त जाते, आरपीएम चढतो. म्हणजे साफसफाईनंतर आयडलिंग थोडं वाढणं हा बिघाडच असतो असं नाही.

पण २००० म्हणजे "थोडं" नव्हे. तिथे दुसरंही काहीतरी असणार. म्हणून मी क्रमाने तपासलं. हा क्रम तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिलं, धूर आणि अडखळणं. आत राहिलेला क्लीनर आणि सुटलेला कार्बन जळतो, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं असं होऊ शकतं. तेवढ्यात थांबलं तर चिंता नाही. थांबलं नाही तर पुढे चला.

दुसरं, कनेक्टर. इंजिन बंद, चावी बाहेर. थ्रॉटल बॉडीचा प्लग काढून परत लावा, लॉक "टक्" वाजलं पाहिजे. हवेच्या पाइपवर किंवा फिल्टरच्या डब्यावर सेन्सरचा प्लग असेल तर तोही बघा. पाइप सोडताना तो हमखास ओढला जातो.

तिसरं, हवेची गळती. माझा चोर इथेच सापडला. आयडलिंगला झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन पलीकडून हवा ओढत असतं. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला, छोटं भोक असलं तरी हवा चोरवाटेने आत शिरते. पाइपचा क्लॅम्प, थ्रॉटल बॉडीखालचं गॅस्केट, इंजिनकडून येणारे छोटे रबरी पाइप, सगळं टॉर्च मारून बघा. इंजिन चालू करून "स्स्स" असा आवाज येतो का, तेही ऐका. हात, ओढणी, चार्जरची वायर मात्र पंखा आणि बेल्टपासून लांब. गळती शोधायला गरम इंजिनवर क्लीनर फवारायचं काही जण सुचवतात. तसं करू नका, तो भडकतो.

मला तो "स्स्स" ऐकू आला. मॅनिफोल्डला जाणारा बोटाएवढा पीसीव्हीचा पाइप नुसता टेकलेला होता, बसलेला नव्हता. इंजिन बंद करून नीट आत ढकलला, क्लिप लावली. परत स्टार्ट. काटा ११५० वर! रात्रीच्या साडेनऊला पार्किंगमध्ये मी एकटाच नाचलो.

चौथं, कोड वाचा. फोनला ब्लूटूथने जोडणारा ओबीडी स्कॅनर मिळतो, तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतो. माझ्याकडे पी०५०७ होता, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त. पी०५०६ म्हणजे कमी. पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, तेव्हा आधी गळती शोधा. कोड वाचून लगेच पार्ट मागवू नका. तो लक्षण सांगतो, कारण आपल्याला शोधावं लागतं. आधी लिहून ठेवा आणि मगच पुसा.

पाचवं, ईसीयूला नव्याने शिकवणं, म्हणजे आयडल रीलर्न. इथे प्रत्येक गाडीची रीत वेगळी. काहींत चावी ठरावीक वेळ ऑन-ऑफ करायची असते, काहींत गरम इंजिन आधी एसी बंद आणि मग चालू ठेवून आयडलवर सोडायचं असतं, काहींना स्कॅनरशिवाय पर्याय नसतो. बॅटरीची तार काढणं काही गाड्यांत पुरतं, काहींत नाही. म्हणून आपल्याच मॉडेलची रीत शोधा. माझ्या गाडीला चावीची रीत आणि मग दिवे, पंखा, एसी बंद ठेवून आयडलिंग लागलं. काटा हळूहळू ९५०, ८५० आणि शेवटी ७५० वर येऊन थांबला.

आता इशारा. पेडल दाबूनही गाडी पळत नाही, किंवा पी२१३५ सारखा कोड येतो. त्याचा अर्थ झडपेच्या किंवा पेडलच्या दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही. अशा वेळी घरगुती प्रयोग थांबवा. झडप बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने जोरात ढकलली असेल, तर आतल्या गिअरला इजा झालेली असू शकते. क्लीनर थेट फवारून सेन्सरमध्ये गेला असेल, तरी हे होतं. काही झडपांवर कंपनीचा पातळ थर असतो, तोही घासून काढायचा नसतो. आणि ब्रेक पेडल दगडासारखं कडक लागलं तर गाडी जागची हलवूच नका. ब्रेक बूस्टरचा पाइपही त्याच मॅनिफोल्डमधून येतो.

रात्री अकराला मी सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारल्या. पाय काढला की गाडी मंदावत होती. पण चावी लगेच बाबांच्या हातात दिली नाही. आधी दुपारपासूनचं सगळं सांगितलं, "होईल नॉर्मल" हे मी अंदाजाने बोललो होतो, हेसुद्धा. ते काही बोलले नाहीत. खाली येऊन स्वतः दोन फेऱ्या मारल्या, स्पीड ब्रेकरवर मुद्दाम पाय काढून बघितला.

सोमवारी पावणेसहाला आई मागच्या सीटवर उशी घेऊन बसली. बाबांनी काच खाली केली आणि मला म्हणाले, "पुढच्या वेळी हे शुक्रवारी आम्ही परत आल्यावर कर. मध्ये दोन दिवस मिळतात."

तर मंडळी, तुमच्या गाडीवर उद्या कोण अवलंबून आहे, ते आधी बघा आणि मग स्पॅनर उचला. साफसफाईनंतर तुमचा काटा कुठे अडकला होता, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!