हातांना कळलेली गोष्ट



चार-पाच वर्षांच्या मुलाला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं की आपण लगेच विचारतो, ‘सांग बघू, काय कळलं?’ मूल गप्प. आपल्याला वाटतं, त्याला काहीच कळलं नाही. पुष्कळदा कळलेलं असतं, पण सांगायला शब्द नसतात. घरी वारली, भिली किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाची तर जास्तच पंचाईत. पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. अशा वेळी प्रश्न बाजूला ठेवावा आणि त्याच्या हाती कागद द्यावा.

लिओ लिओनी नावाचे एक चित्रकार होते. आगगाडीत नातवंडं कंटाळली, तेव्हा त्यांनी मासिकाची पानं फाडली आणि त्या रंगीत कपट्यांची गोष्ट रचली. निळा आणि पिवळा हे दोघे मित्र. कडकडून भेटतात नि हिरवे होऊन जातात. मग घरचेच त्यांना ओळखत नाहीत! १९५९ साली याच गोष्टीचं पुस्तक झालं.

ही गोष्ट सांगून झाली की मुलांना निळा आणि पिवळा पताकेचा कागद द्या. कात्री नको, बोटांनीच फाडू द्या. तुकडे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायला सांगा. हिरवा रंग त्यांचा त्यांनाच सापडेल. मग कणकेची खळ करून ते चिकटवू द्या.

रंगीत कागद नसला तरी अडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केलं. पानं, बिया, शंख-शिंपले, खडे हीच तिथली साधनं होती. मुलांच्या ओळखीची, फुकटची.

एक पथ्य मात्र पाळावं. बाईंनी कापून दिलेले तीस ससे तीस मुलांनी चिकटवले, तर ती बाईंची कला झाली. मुलाचा हत्ती जांभळा झाला तर होऊ द्या. पाय पाच झाले तरी खोडरबर शोधू नका. शेजारी बसा आणि ‘हा कुठं चाललाय?’ एवढंच विचारा. आपल्या हातांनी केलेल्या हत्तीबद्दल मूल बोलू लागतं. ते ज्या बोलीत बोलेल, त्याच बोलीत ते वाक्य चित्राखाली लिहून ठेवा. अशी आठ-दहा पानं दोऱ्यानं शिवली की त्याचं पहिलं पुस्तक तयार झालं. ते त्यालाच वाचून दाखवा. आपली बोलीही पुस्तकात मावते, हे त्याला शाळेत जाण्याआधी कळायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)