चित्रापुढची मराठी



'शहर आणि विनामूल्य कलाप्रदर्शने' हा विषय साहित्य शिकवणाऱ्याकडे सोपवलात, त्याबद्दल आभार. रंगरेषांचा मी जाणकार नाही. माझा संबंध भाषेशी आहे, म्हणून भाषेच्या बाजूनेच बोलेन. माझे म्हणणे थोडक्यात असे : तिकीट काढून टाकले की दार उघडते, पण माणूस आत येऊन थांबायचा असेल तर चित्रापुढे त्याच्या भाषेत बोलणारे कुणीतरी हवे. आपल्या बऱ्हाणपुरात अनेक घरांची ती भाषा मराठी आहे.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. भर रहदारीच्या काळा घोडा परिसरात ती आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तरीही बाहेरच्या पदपथावरून रोज जाणारी पुष्कळ माणसे ती पायरी कधी चढत नाहीत. त्यांना कुणी अडवलेले नसते. 'आपल्याला काय कळतंय त्यातलं?' हा प्रश्नच त्यांना अडवतो. त्याच परिसरात १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरू लागला. कला रस्त्यावर आली, व्याख्याने आणि कार्यक्रम सर्वांना खुले झाले, आणि तिथे गर्दी लोटते. दोन्हीकडे प्रवेश विनामूल्यच आहे. फरक आहे तो मोकळेपणाने बोलण्या-विचारण्याचा.

आपल्या परंपरेला ही गोष्ट फार पूर्वीच ठाऊक होती. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गात, सांगत पुढे न्यायची, अशी ती रीत. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तिच्याकडे पुन्हा सगळ्यांचे लक्ष गेले. आज आपण ज्याला प्रदर्शन आणि व्याख्यान म्हणतो, ती दोन्ही कामे चित्रकथी एकाच बैठकीत करतो. नावातच बघा, 'चित्र'ही आहे आणि 'कथन'ही. आपण मात्र ही जोडी फोडली. चित्रे दालनात नेली, कथन सभागृहात नेले, आणि चित्राखाली चार ओळींची चिठ्ठी लावून मोकळे झालो.

आता आपल्या गावाकडे येतो. इथल्या जामा मशिदीचे बांधकाम १५९० च्या सुमाराचे, फारुकी सुलतान आदिलशहाच्या काळातले. तिच्या आतल्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि बांधकामाचा काळ पंचांगाच्या रीतीने दिला आहे. अक्षरे नागरी आहेत. आपल्या शाळेतल्या मुलाला त्यातली काही ओळखताही येतील. पण मशिदीच्या भिंतीवर संस्कृत का, तिथी-नक्षत्र कुणासाठी, हे तिथे उभे राहून त्याला सांगितले नाही, तर तो लेख त्याच्या दृष्टीने नुसता दगडच राहतो.

दुसरे उदाहरण अब्दुर्रहीम खानखानाचे. आपण त्याला दोहे लिहिणारा रहीम म्हणून शिकवतो. दख्खनच्या मोहिमांमुळे बऱ्हाणपुराशी त्याचा दीर्घ संबंध आला, आणि त्याच्या पदरी चित्रकारही होते. अकबराच्या संग्रहातले सचित्र फारसी रामायण पाहून त्याने तसेच स्वतःसाठी करवून घेतले. हे काम १५९७ ते १६०५ या काळातले. त्यात शंभराहून अधिक चित्रे आहेत. आज ते वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे आणि त्या गॅलरीला प्रवेशशुल्क नाही. म्हणजे रहीमच्या रामायणाचे दार तिथे सर्वांना खुले आहे. बऱ्हाणपुरातल्या विद्यार्थ्याला ते खुले आहे का? संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची चित्रे पाहता येतात. एखादे चित्र पडद्यावर मोठे करून त्यापुढे अर्धा तास मराठीत बोलायला विमानाचे तिकीट लागत नाही आणि कलादालनाची इमारतही लागत नाही. वाचनालयाची एक खोली पुरते.

'बोलण्याने पाहणे बिघडते', असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खराही आहे. चित्राचा अर्थ सांगून टाकणारा वक्ता चित्र झाकतो. म्हणून पहिली पाच मिनिटे सगळ्यांनी गप्प बसून पाहावे. मग वक्त्याने विचारावे : काय दिसले? माझी खात्री आहे, मागावर काम करणाऱ्या घरातली मुलगी चित्राभोवतीच्या पट्टीला सहज 'काठ' म्हणेल. तिला दुरुस्त करू नये. त्या 'काठा'वरूनच बोलणे पुढे न्यावे.

इथे भाषेचा प्रश्न येतो, आणि आपल्या अकादमीच्या दृष्टीने तोच मुख्य आहे. इथली अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीत शिकतात. मराठी त्यांना कानाने येते, पुस्तकातली मराठी अडखळत येते. आजी, स्वयंपाकघर, गणपतीची आरती, लग्नाची बोलाचाली, एवढ्या कामांपुरती ती उरते. नव्या वस्तूविषयी विचार करायची वेळ आली की मूल दुसऱ्या भाषेत शिरते. नवे काम न मिळालेली भाषा हळूहळू फक्त आठवणींची होते. भाषणे करून ती टिकत नाही, हे आपण इतक्या वर्षांत पाहिले आहे. चित्रापुढे 'मला असं वाटतं, कारण...' हे वाक्य मराठीत पुरे करणे, हे एक नवे काम आहे. त्याला व्याकरणाची परीक्षा नाही, पाठांतर नाही, आणि समोर डोळ्यांना आधार आहे.

म्हणून अकादमीकडे माझी मागणी छोटी आहे. उद्घाटनाचे फलक, हारतुरे, स्मृतिचिन्हे यांवरच्या खर्चातला काही भाग चित्रापुढे बोलणाऱ्यांच्या मानधनासाठी ठेवावा. महिन्यातून एक संध्याकाळ, एकच चित्र, एक वक्ता. वक्ते बाहेरूनच आणावेत असेही नाही. आपल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी तयार करता येईल. आणि निमंत्रणपत्रिकेवर 'प्रवेश विनामूल्य' या शब्दांखाली आणखी एक ओळ छापावी : 'सायंकाळी सहा वाजता चित्रापुढे मराठीत गप्पा. प्रश्न घेऊन या.'