यंत्राची नजर आणि माणसाची हजेरी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाशी येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांचा परिचय आणि जमाखर्चाचे वाचन हे आपल्या मेळाव्याचे ठरलेले कार्यक्रम होत. त्यांच्या जोडीस एखाद्या नव्या विषयाची ओळख सभासदांस करून द्यावी, अशी कार्यकारी मंडळाने इच्छा दर्शविली व ते काम आमच्यावर सोपविले. आम्ही जो विषय निवडला आहे तो कामाच्या जागी बसविलेल्या कॅमेऱ्याचा. किंबहुना त्या कॅमेऱ्यामागील संगणकाचा. हा संगणक आता नुसते चित्र साठवीत नाही. चित्रातला माणूस तो हेरतो, त्याचा माग ठेवतो आणि तो काय करीत आहे, हेही ठरवू पाहतो.

हा विषय मोठ्या शहरांचा आहे, वाशीस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या घरोघरची मुले आज चाकण, भोसरी, रांजणगाव येथील कारखान्यांत कामास आहेत. कोणी पुण्या-मुंबईच्या गोदामांत आहेत. आणि काही बांधवांनी स्वतःची दुकाने व छोटे कारखानेही उभे केले आहेत. म्हणजे या कॅमेऱ्याखाली उभे राहणारे आपणच आणि तो विकत घेऊन बसविणारेही आपणच. तेव्हा दोन्ही बाजूंनी या विषयाचा विचार करणे आपल्यास प्राप्त आहे.

हजेरीचे मोल या दुष्काळी मुलखास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांवर, पाझर तलावांवर आणि खडी फोडण्याच्या कामांवर आपल्या मागच्या पिढीने दिवस काढले. श्री. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कामांवर हजेरीपटात नाव असले तर मजुरी, नसले तर दिवस फुकट, असा रोकडा हिशेब होता. मुकादमाने नाव गाळले किंवा न आलेल्याचे नाव घातले, या तक्रारीही तेव्हापासूनच्याच आहेत.

परंतु त्याच मातीकामात न्यायाची एक साधी सोय होती, तिची येथे आठवण देतो. खोदकाम करताना मध्ये मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवीत. जमीन मूळ किती उंच होती व किती खोल खणली गेली, याची साक्ष तो खुंट देई. माप घेणाऱ्याने टेप लावावी तशी ती मजुरानेही लावावी. खुंट दोघांसही सारखाच दिसे. आजच्या आमच्या सर्व विवेचनाची कसोटी आम्ही या मातीच्या खुंटातच शोधणार आहोत.

काम करणाऱ्याचे चित्र घेऊन अभ्यास करण्याची कल्पनाही आजची नव्हे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ या गृहस्थांनी गवंड्याच्या कामापासून सुरुवात केली. वीट बसविताना गवंडी किती हालचाली व्यर्थ करतो, हे त्यांनी बारकाईने पाहिले व त्या अठरांवरून पाचांच्या आत आणल्या. पुढे १९१२ पासून ते व त्यांच्या पत्नी लिलियन यांनी कारखान्यांत चलच्चित्रे घेण्यास आरंभ केला. चित्रात एक जलद फिरणारे घड्याळ ठेवलेले असे, त्यामुळे हाताच्या प्रत्येक हालचालीस किती वेळ लागला ते मोजता येई. श्रम हलके व्हावेत, थकवा कमी यावा, हा त्या दांपत्याचा उद्देश होता. तीच मोजणी कामाचा वेग वाढविण्यासाठीही वापरता येते, हे मालकवर्गाच्याही लवकरच ध्यानी आले. मोजणी एकच, हेतू दोन. हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

आता हे यंत्र पाहते कसे, ते समजून घेऊ. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे अंकांची एक चौकट असते. आज सर्रास वापरात असलेल्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांत नोंदलेला असतो. अशी पंचवीस-तीस चित्रे दर सेकंदास येतात. या अंकांच्या राशीतून माणूस कसा ओळखावा, याचे नियम लिहून देणे फार अवघड ठरले. तेव्हा असंख्य चित्रांवर माणसांकडून खुणा करवून घेतल्या, ‘हा मनुष्य, हे चाक, ही गाडी’, आणि त्या उदाहरणांवरून यंत्रास शिकू दिले. २०१२ साली इमेजनेट या चित्रसंग्रहावरील स्पर्धेत या पद्धतीने मोठे यश मिळविले आणि तेथून तिचा प्रसार झपाट्याने झाला.

या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली शोधाची: चित्रात माणूस कोठे आहे, त्याच्याभोवती चौकट आखणे. दुसरी मागाची: या क्षणीच्या चौकटीतला माणूस पुढल्या क्षणीच्या कोणत्या चौकटीत आहे, हे त्याची जागा, चाल व कपडे यांवरून जुळविणे. तिसरी क्रियेच्या ओळखीची: खांदा, कोपर, मनगट, गुडघा अशा सांध्यांच्या जागा हेरून त्यांच्या हालचालींच्या क्रमावरून तो उचलतो आहे, वाकला आहे, चालतो आहे की पडला आहे, हे ठरविणे.

प्रत्येक पायरीवर चूक संभवते. एकाच रंगाच्या गणवेशातील दोघे खांबाआड गेले व बाहेर आले, की यंत्र पुष्कळदा एकाचा माग दुसऱ्यास जोडते. मग एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर जाते. अंधार, धूळ, डोक्यावरचा पदर किंवा टोपी यांनीही ते फसते. शिकविताना जी माणसे कमी दाखविली, त्यांच्याबाबत ते अधिक चुकते. २०१८ साली जॉय बुओलामविनी व टिमनिट गेब्रू या विदुषींनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. उन्हात राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा.

याहूनही खोल अडचण तिसऱ्या पायरीवर आहे. यंत्रास हालचाल दिसते. काम दिसतेच असे नाही. कामगार पाच मिनिटे स्वस्थ उभा आहे. तो आळसाने उभा आहे, माल येण्याची वाट पाहत आहे, की यंत्रातून निराळा आवाज येतो म्हणून कान देऊन ऐकत आहे? चित्रात तिन्ही सारखेच. आपल्या भागातून ऊसतोडीस जाणाऱ्यांचे उदाहरण घ्या. तेथे ‘एक कोयता’ म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. एकाने तोडावे, दुसऱ्याने पाचट काढून मोळी बांधावी, वाहावी. तोडण्याचीच क्रिया ओळखावयास शिकविलेल्या यंत्रापुढे ही जोडी उभी केली, तर अर्धे श्रम त्याच्या हिशेबी येणारच नाहीत. यंत्रास काय शिकवावे, हे ठरविणाऱ्यास कामाची जाण नसेल, तर अन्याय पहिल्या दिवशीच ठरून जातो.

या विषयाची आपल्या अगदी जवळची कथा रोजगार हमीच्या कामांवरच घडली. २०२१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने हजेरीसाठी मोबाइलवरील एक प्रणाली सुरू केली आणि १ जानेवारी २०२३ पासून, व्यक्तिगत लाभाची कामे वगळता, सर्व कामांवर ती सक्तीची झाली. मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा घ्यावे, त्यावर वेळ व ठिकाण आपोआप उमटावे, म्हणजे खोटी हजेरी थांबेल, असा हेतू होता. आणि तो निःसंशय चांगला होता. परंतु मोबाइलला रेंज नाही म्हणून छायाचित्र गेले नाही व केलेल्या दिवसाची मजुरी अडली, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये मजुरांनी दिल्लीस जंतरमंतरवर धरणे धरले.

उलट, ज्यांस फसवावयाचे होते त्यांनी वाट काढलीच. ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने काढलेल्या परिपत्रकात प्रकार नमूद झाले आहेत: कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्राचेच पुन्हा घेतलेले छायाचित्र, नोंदीतली संख्या एक व चित्रातली माणसे निराळी. आणि उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीच्या पातळीवर सर्वच्या सर्व छायाचित्रे व हजेरीपट माणसाने तपासावेत! यंत्र आणले ते माणसावर विश्वास नव्हता म्हणून. शेवटी यंत्रावर पहारा ठेवण्यास माणूसच बोलवावा लागला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या योजनेच्या जागी नवा कायदा केला. त्यात १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी आहे, तशीच बायोमेट्रिक ओळख व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचीही तरतूद आहे. म्हणजे हा प्रश्न मागे पडला नाही. तो वाढत जाणार आहे.

एवढे ऐकून कॅमेरा सर्वथा त्याज्य आहे, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. आपल्याच तालुक्यातील तेरखेडा फटाक्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. अशा कामात एका खोलीत किती माणसे असावीत व किती दारू असावी, यास नियमांची मर्यादा असते आणि ती मोडण्याची शिक्षा घरातली कर्ती माणसे गमावून भोगावी लागते. तेथे दाराबाहेर, ठिणगीचा धोका नसलेल्या जागी सुरक्षित रीतीने बसविलेला कॅमेरा खोलीत जाणारी-येणारी माणसे मोजील व मर्यादा ओलांडताच घंटा वाजवील, तर तो खरा रक्षक म्हणावा लागेल. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली हात असताना यंत्र थांबविणारी सोय, किंवा कोणी कोसळून पडल्यास तत्काळ सूचना देणारी सोय, यांचे स्वागतच केले पाहिजे. आणि ध्यानात घ्या, या कामांसाठी मनुष्य कोण आहे, हे यंत्रास कळण्याची गरजच नाही. तेथे मनुष्य आहे, एवढे पुरते. नाव न विचारता जीव वाचविणारी नजर आणि नाव लिहून मजुरी कापणारी नजर, यांत हा भेद आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविलेली आहे. परंतु नोकरीच्या कारणासाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्यास त्या कायद्यात वाव आहे, हे आपल्या तरुणांनी जाणून असावे. युरोपीय संघाने मात्र चेहऱ्यावरून कामगाराच्या मनातील भाव ओळखू पाहणाऱ्या प्रणालींस, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे सोडून, २ फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली आहे. आपल्याकडेही अशी रेषा कोठे आखावी, याचा विचार सुरू झाला पाहिजे.

तर मग आपण काय करावे? आमच्या मते चार गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली, ज्या बांधवांचे कारखाने वा दुकाने आहेत त्यांनी कॅमेरा कशासाठी बसविला, नोंद किती दिवस ठेवणार व ती कोण पाहणार, हे मराठीत लिहून दर्शनी भागी लावावे. विश्रांतीची जागा व कपडे बदलण्याची जागा यांवर कॅमेरा कधीही रोखू नये. दुसरी, यंत्राने लावलेल्या गैरहजेरीवरून वा ‘स्वस्थ बसल्या’च्या नोंदीवरून कोणाचीही मजुरी कापण्यापूर्वी ती नोंद त्या कामगारास दाखवावी व त्याचे म्हणणे ऐकावे. तिसरी, नोकरीस लागणाऱ्या मुलामुलींनी नेमणूकपत्राबरोबरच हजेरी कशी घेतली जाते व चूक झाल्यास कोणाकडे दाद मागावी, हे नम्रपणे परंतु स्पष्टपणे विचारावे. आणि आपल्या कामाच्या दिवसांची एक वही स्वतःपाशी ठेवावी. चौथी, मंडळाच्या शिष्यवृत्तीवर संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी, अशा प्रणाली घडविण्याची संधी मिळेल तेव्हा, प्रथम कामावर जाऊन काम पाहावे. मोळी बांधणाऱ्या बाईचे श्रम यंत्रास कसे दिसावेत, हे ज्याने मोळी पाहिली आहे तोच शिकवू शकेल.

मातीच्या खुंटाचा मोठेपणा त्याच्या अचूकपणाइतकाच त्याच्या उघडेपणात होता. तो मुकादमाच्या खोलीत कुलुपात नव्हता. खड्ड्याच्या मध्यभागी सर्वांसमोर उभा होता. यंत्राने ठेवलेली नोंद तशीच दोन्ही पक्षांस मोजता यावी आणि शेवटचा शब्द ज्यास जाब विचारता येईल अशा माणसाचा असावा, एवढीच आमची मागणी आहे. मालक असो वा मजूर, ती दोघांच्याही हिताची आहे.