नडगीचे दुखणे आणि स्वहस्ते मर्दन
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आयुष्यभर फळा-खडूशी संबंध आलेल्या शिक्षकाने शरीरस्वास्थ्यावर बोलावे, हे काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु आमच्या हातून एक चूक घडली आहे. तिची कबुली आपणांसमोर द्यावी, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुलेमुली पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी सडकेवर धावतात. परीक्षेत मुलांस १६०० व मुलींस ८०० मीटर धावावे लागते. एरवी न धावणारा मुलगा जाहिरात निघताच रोज धावू लागतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या नडग्या दुखू लागतात. घोट्याच्या वर, नडगीच्या आतील कडेने, चार बोटे किंवा त्याहून लांब अशी ही दुखरी पट्टी असते. हाडावर व त्यास चिकटलेल्या स्नायूंवर वारंवार पडणारा ताण, हे तिचे कारण होय.

मर्दनाने यास काहीसा आराम पडतो. खुर्चीवर बसून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा. हातास थोडे खोबरेल लावावे. हाडाच्या कडेलगतच्या मऊ मांसावर अंगठा टेकून तो घोट्याकडून गुडघ्याकडे संथपणे सरकवावा. नंतर दोन्ही हातांनी पोटरी कणकेप्रमाणे मळावी. पाच मिनिटे पुरेत. दाब सोसवेल इतकाच असावा. हाडावर तर तो मुळीच देऊ नये.

ही शेवटची गोष्ट आम्हांस पूर्वी ठाऊक नव्हती. आमच्या एका माजी विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, "खसखसून चोळ आणि धावत राहा." गुरूचा शब्द मानून तो हाडच चोळीत राहिला. पुढे बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी कळ येऊ लागली. रात्री अंथरुणावरही ती राहीना. हाडास बारीक तडा गेला होता. त्या वर्षीची भरती हुकली, आणि भरती दरवर्षी निघतेच असे नाही. त्याने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच आमच्या मनास अधिक लागले.

मर्दन स्नायूंचा ताठरपणा सैल करते. हाडास मात्र विश्रांतीच हवी. म्हणून दुखू लागताच दोन-चार आठवडे धावणे थांबवावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. सायकल चालवून दम टिकवावा. नंतर मातीच्या मैदानावर थोड्या अंतरापासून पुन्हा आरंभ करावा. एकाच जागी कळ, रात्रीची वेदना, पावलास बधिरता, किंवा एकच पोटरी सुजून गरम होणे, यांपैकी काहीही दिसल्यास न चोळता डॉक्टरांकडे जावे.

वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. मूल "पाय दुखतो" म्हणाले, तर त्यास आळशी म्हणू नये. नेमके कोठे दुखते, हे प्रथम विचारावे. आम्ही ते विचारले नव्हते.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.